“झाडं नको, नाले काँक्रीटचे करा” या फॉरवर्डला माझं उत्तर

आमच्या नाशिकच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज या आठवड्यात चौथ्यांदा आला. थोडक्यात म्हणणं असं की झाडं आणि पावसाचं पाणी मुरायचे खड्डे ही परदेशी फॅशन, त्याने गंगेचा (म्हणजे आपल्या गोदावरीचा) पूर थांबत नाही, चीनमध्येही फेल गेलं, वर डास होतात, त्यामुळे नाले काँक्रीटचे करा आणि झाड आडवं आलं तर तोडा, दुसरीकडे दहा लावू.

आधी पुराचं. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला आणि गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की ते कुठल्याच बागेने अडणार नाही, शंभर टक्के मान्य. पण आपल्या गल्लीत अर्ध्या तासात गुडघाभर साचतं ते धरणाचं नसतं ना राव, ते आपल्याच गच्चीचं आणि पार्किंगचं असतं. हजार स्क्वेअर फूट गच्चीवर ५० मिमी पाऊस म्हणजे साधारण साडेचार हजार लिटर, अर्धा टँकर धरा, अशा शेकडो गच्च्यांचे पाइप एकदमच रस्त्यावर, तिथून नाल्यात, तिथून नासर्डी नदीत आणि मग गोदावरीत. नाला गुळगुळीत केला की पाणी अजून जोरात पळणार आणि पुढे गोदावरी आधीच फुगलेली असली तर घुसणार कुठे? मागेच येणार.

चीनचं म्हणाल तर ज्या झेंगझोऊ शहराचं उदाहरण देतात तिथे २० जुलै २०२१ ला एका तासात २०१.९ मिमी पडला. एवढ्याला पाइपही पुरत नाहीत, तिथेही गटारं होतीच की, तरी मेट्रोत पाणी शिरून माणसं गेली. डेन्मार्कचं कोपनहेगन २ जुलै २०११ ला असंच बुडालं, त्यांनी मग खाली बोगदेही काढले आणि पार्कही पाणी धरायला खोलगट केले. दोन्ही लागतं.

आता डास. अंड्यापासून डास उडायला साधारण आठवडा लागतो, नीट केलेला खड्डा एक-दोन दिवसात रिकामा होतो. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही हे खरंय, म्हणून खाली खडी लागते आणि जास्तीचं पाणी जायला पाइप. आम्ही गेटजवळच्या कडुनिंबाभोवतीचे पेव्हर काढले तर खाली कोबा निघाला, छिन्नीने फोडता फोडता अख्खा रविवार गेला. उताराला दीड फुटाचा चर, खडी, माती, वर कर्दळ. पहिल्या जोरदार सरीत काठोकाठ भरला, दुसऱ्या दिवशी दुपारी नुसती ओल. डासच बघायचे असतील तर ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण उघडा.

आणि ते दहा झाडांचं, कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून वाद झाला तेव्हापासून ऐकतोय. लावा ना, जरूर लावा, पण कुठल्यातरी डोंगरावरच्या हातभर रोपाची सावली आपल्या गेटवर पडत नाही. फॉरवर्ड टाकणाऱ्या काकांची स्कूटर एप्रिल-मेमध्ये रोज त्याच कडुनिंबाखाली असते, फोटो आहे माझ्याकडे.