सर्वर परभणीत, घड्याळ 2012 मध्ये

घरच्या सर्वरवर ओपनएसएसएल (कनेक्शन कुलूपबंद ठेवणारी लायब्ररी) अपग्रेड करायचा मुहूर्त कुठलाही काढा, अर्ध्या तासात माडीवरून हाक येणारच: "दादा, फोटो उघडंना गेलेत!" लाईट गेली असती तर कुणी हाकही मारली नसती, मराठवाड्यात त्याला कुणी बिघाड म्हणत नाही. पण लाईट आहे, वायफाय आहे आणि तरी ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणायलाय, म्हटल्यावर संशय थेट तुमच्यावर.

अशा वेळी एक तरी जाणकार सांगतोच, "व्हेरिफाय, म्हणजे सर्टिफिकेटची तपासणीच, बंद करून टाक ना." मग अपग्रेड कशासाठी केलं होतं बाबा?

त्यापेक्षा सर्वरवरच टर्मिनल उघडावं आणि ओपनएसएसएलच्या एस-क्लायंट या तपासणीच्या कमांडनं स्वतःच्याच सर्वरला 443 पोर्टवर जोडून बघावं. सर्वरनेमचा पर्याय देऊन साइटचं नाव लिहायला विसरू नये, नाहीतर एका मशीनवर चार साइट असल्या की भलतंच सर्टिफिकेट (साइटचं ओळखपत्र) पुढं येतं. बराच मजकूर धावून गेला की ‘व्हेरिफाय रिटर्न कोड’ ही ओळ दिसते. 0 आला तर सर्टिफिकेटवरचा आळ बहुतेक मिटला. 10 म्हणजे मुदत संपली. 20 किंवा 21 आला तर बहुतेक वेळा मधलं (आपल्या सर्टिफिकेटला वरच्या विश्वासू संस्थेशी जोडणारं) सर्टिफिकेट पाठवलं जात नाही: लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या फोल्डरमधली ‘सर्ट’ फाइल कॉन्फिगमध्ये लावलेली असते, लावायची असते ‘फुलचेन’.

खरी मजा 9 ची. ‘सर्टिफिकेटची मुदत अजून सुरू झालेली नाही.’ कालच काढलंय, आणि सुरू झालेली नाही? इथं शहाण्यानं कॉन्फिग सोडून तारीख बघावी. सर्वर म्हणून कोपऱ्यात ठेवलेला जुना डेस्कटॉप, त्याच्या मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल मेलेला. लाईट असेपर्यंत घड्याळ नीट चालतं. भारनियमनात इन्व्हर्टरनंही मान टाकली की मशीन उठतं ते थेट 2012 च्या एक जानेवारीला. वेळ इंटरनेटवरून दुरुस्त होते, पण राउटर सर्वरच्या मागून जागा होतो, आणि तेवढ्यात आपण अपग्रेडला शिव्या घालून मोकळे. घड्याळवाल्याकडून तीन व्होल्टचा सेल आणा, पॉवर केबल काढून बदला, बायोसमध्ये तारीख भरा.

कोडपर्यंत न पोचता हँडशेकच (जोडणीची पहिली बोलणीच) मोडत असेल तर दोष अपग्रेडच्या कडकपणात शोधावा. ओपनएसएसएल 1.1.1 चा आधार 11 सप्टेंबर 2023 ला संपला, तेव्हा 3 वर जाणं भागच होतं. ती आवृत्ती मूळ सेटिंगमध्ये टीएलएस (कुलूपबंद जोडणीची भाषा) 1.0 आणि 1.1 चालू देत नाही. डेबियन-उबुंटूवर तर सुरक्षेची लेव्हल 2, म्हणजे 1024 बिटची जुनी आरएसए किल्ली दारातूनच परत. ‘की टू स्मॉल’ दिसलं की समजावं. 2048 बिटची नवी किल्ली, शा-256 ची सही आणि साइटचं नाव ‘सब्जेक्ट ऑल्ट नेम’मध्ये, असं सर्टिफिकेट पुन्हा काढावं. नुसत्या कॉमन नेमवर क्रोम आता विश्वास ठेवत नाही.

सोर्समधून बांधणाऱ्यांचं दुखणं वेगळं. नवी लायब्ररी लिब 64 मध्ये जाऊन बसते, सिस्टिम तिथं बघतच नाही, आणि ‘लिबएसएसएल सापडेना’ची बोंब. तो फोल्डर लोडरच्या (लायब्ररी शोधून आणणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत टाकून एलडीकॉन्फिग चालवलं की मिटतं. एंजिनएक्स हा वेबसर्वर, मेल, जे जे टीएलएस वापरतं ते रीस्टार्ट करायचं, नाहीतर मेमरीत जुनीच लायब्ररी चालत राहते.

एवढं करून शेवटी उरतो अंगणातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर. त्याला टीएलएस 1.0 शिवाय काही येत नाही. त्याच्यासाठी सगळ्या सिस्टिमची लेव्हल 0 करणारे लोक मला माहीत आहेत. एका जावयासाठी अख्ख्या गावाचा मानपान बदलण्यातलाच हा प्रकार. ढील द्यायची ती फक्त एंजिनएक्सच्या, डीव्हीआरकडे नेणाऱ्या त्या एका प्रॉक्सी ब्लॉकमध्ये. आणि डीव्हीआरचा पोर्ट राउटरमधून बाहेर उघडा असेल तर तो आधी बंद करा, कारण "डीव्हीआर नवा घेऊ" म्हटलं की मामा म्हणणारच, "चांगला चालायलाय की, काहून बदलायचा?"