भूतदयेचा खर्च कोणाच्या खात्यावर?

सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली आणि परिसरातील भटकी कुत्री उचलून निवारागृहांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला मोठ्या खंडपीठाने तो बदलला आणि नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडण्यास सांगितले. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा आवारांतून उचललेली कुत्री पुन्हा तेथे सोडू नयेत, असा आणखी एक आदेश आला. त्याच पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना झाकण्यावरून मुंबईत आंदोलन पेटले, आणि दिवाळीच्या आगेमागे शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावल्यावर संतप्त ग्रामस्थांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला. या तिन्ही प्रकरणांवर आम्हा परदेशस्थ मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत जो सूर लागला, तो ठरलेलाच होता: ‘आमच्याकडे रस्त्यावर एक कुत्रा दिसत नाही, प्रश्न सोडवायचा असेल तर असा सुटतो.’

वाक्य खोटे नाही, पण ते अर्धे आहे. मी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवतीच्या एका उपनगरात राहतो आणि घरी कुत्रा पाळतो. आमच्या रस्त्यावर भटका कुत्रा नसला, तरी दिवस मावळला की त्याचा रानटी भाऊबंद फिरत असतो. कायोटी हा आकाराने लांडग्याहून बराच लहान आणि आपल्याकडच्या कोल्ह्याहून थोडा मोठा प्राणी असतो. वजन साधारण ९ ते १६ किलो, पाय लांबट, शेपूट खाली झुकलेली, आणि चाल अशी की जणू त्याला कोठेतरी वेळेवर पोहोचायचे आहे. उंदीर, घुशींसारखे प्राणी, ससे, पडलेली फळे, मेलेली जनावरे असे जे मिळेल ते तो खातो. मोकळे सोडलेले मांजर किंवा चार-पाच किलोचा पाळीव कुत्रा त्याला सशापेक्षा वेगळा वाटण्याचे काही कारण नाही.

हा प्राणी शहरात आला कसा, हे समजून घेतल्याशिवाय ‘प्रश्न सोडवला’ या वाक्याचे मोल कळत नाही. अमेरिकेच्या बहुतेक भागांतून लांडगा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच संपवला गेला. १९३१ मध्ये संघराज्य सरकारने कायदा करून पशुधनाला उपद्रव देणाऱ्या प्राण्यांच्या सरकारी हत्येला पैसा पुरवला, विष आणि सापळे यांचा सढळ वापर झाला, आणि आजही केंद्रीय कृषी खात्याची एक शाखा वर्षाला पन्नास हजारांहून अधिक कायोटी मारते. इतके होऊनही पश्चिमेकडच्या गवताळ प्रदेशांतला हा प्राणी आता हवाई वगळता प्रत्येक राज्यात पोहोचला आहे. मोठा शत्रू गेल्यामुळे त्याला जागा मिळाली, आणि टोळ्या विस्कटल्या की उरलेल्या माद्यांना विण्याची संधी वाढते. शिकागो परिसरात स्टॅनली गेहर्ट हे संशोधक २००० सालापासून कायोटींच्या गळ्यात रेडिओ-पट्टे बसवून अभ्यास करत आहेत. भर वस्तीतही ते टिकून राहतात, आणि बहुतेक शहरवासीयांना त्यांचा पत्ताही लागत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत तर ते कित्येक दशकांच्या गैरहजेरीनंतर या शतकाच्या सुरुवातीला परतले.

कायोटी हटणार नाही, हे येथील नगरपालिकांनी एकदा मान्य केल्यावर सगळे नियम माणसासाठी लिहिले गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ उद्यानात पिल्लांच्या हंगामात, म्हणजे वसंतापासून पुढचे काही महिने, काही पायवाटा कुत्र्यांसाठी बंद असतात. कुत्रा कितीही गुणी असला तरी मालकाने दुसरी वाट धरायची. बिळाजवळून कुत्रा नेला, तर कायोटी बरेच अंतर राखून मागोमाग येतो आणि हद्दीबाहेर गेल्यावरच थांबतो. त्याला आपली शिकार करायची नसते, पोहोचवायचे असते. एरवी समोर आलाच, तर पळायचे नाही, लहान कुत्र्याला उचलून घ्यायचे, हात उंचावून मोठ्याने ओरडायचे, नाण्यांनी भरलेला डबा खुळखुळवायचा, आणि तो नजरेआड होईपर्यंत थांबायचे नाही. सभ्य उपनगरातल्या एखाद्या ज्येष्ठ बाईंना रस्त्यात उभे राहून असा आरडाओरडा करताना पाहिले की नव्याने आलेल्या पाहुण्याला वेगळीच शंका येते, परंतु त्या शेजारधर्मच पाळत असतात, कारण माणसाला न घाबरणारा कायोटी शेवटी मारला जातो.

तंबू ठोकून राहण्याच्या सहलींत हे नियम अधिक कडक होतात, आणि आपली मंडळी तेथेच सर्वाधिक अस्वस्थ होतात. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात कुत्रा नेता येतो, पण त्याने रस्ते, तळ आणि सहलीच्या जागा यांच्यापासून शंभर फुटांच्या आतच राहायचे. पायवाटांवर त्याला मज्जाव आहे, लीश, म्हणजे गळपट्ट्याची दोरी, सहा फुटांहून लांब चालत नाही, आणि त्याला एकटे बांधून फिरायला जाता येत नाही. रात्री त्याची जागा तंबूच्या आत किंवा गाडीत. त्याचे खाण्याचे आणि पाण्याचे भांडेसुद्धा बाहेर राहू द्यायचे नसते. वाळवंटात अंधार पडला की कायोटींची कोल्हेकुई सुरू होते. दोन-तीन प्राणी स्वर असे झपाट्याने बदलतात की दहा-बाराजणांनी वेढा घातल्याचा भास होतो, आणि तंबूतला कुत्रा अंगावरचे केस उभे करून गुरगुरू लागतो. या आवाजाची भीती बाळगण्याचे कारण नाही. भीती बाळगायची ती जेवणानंतरच्या टेबलाची. चार कुटुंबे एकत्र आली की पुलाव, तंगड्या, भाकरी, चिवडा यांची रेलचेल होते, आणि ‘उरलेले राहू दे, कोणीतरी खाईल’ हे आपल्या संस्कारातले वाक्य सहज तोंडून निघते. गाईला घास, कावळ्याला पिंड, मुंग्यांना साखर घालत वाढलेल्या माणसाला शिळी पोळी कचऱ्याच्या कुलूपबंद पेटीत टाकणे हे पाप वाटते. तळावरचा रेंजर मात्र त्या टेबलाकडे बोट दाखवून दंडाची पावती फाडू शकतो.

त्याच्या कडकपणाला कारण आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये २०२१ मध्ये एक कायोटी लहान मुलांच्या जवळ जाऊ लागला. लोक त्याला खाऊ घालत होते, हे पुढे आले, आणि त्याला गोळी घालावी लागली. कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या स्टॅनली पार्कमध्ये डिसेंबर २०२० पासूनच्या काही महिन्यांत चाळीसहून अधिक लोकांना कायोटी चावले. तेथेही माणसाच्या हातून आणि कचऱ्यातून मिळणारे अन्न हे प्रमुख कारणांपैकी एक मानले गेले, आणि शेवटी अनेक कायोटी मारले गेले. खाऊ घालणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे विचारण्यात अर्थ नाही. ते आपापल्या घरी सुखरूप होते. चावा दुसऱ्याच्या मुलाला बसला आणि गोळी प्राण्याला लागली. गल्लीतल्या मांजरांसाठी रात्रभर अंगणात वाडगा भरून ठेवणाऱ्या शेजाऱ्यामुळे तिसऱ्याच घरचे मांजर जाते, तेही याच हिशेबाने.

माझ्या मते दोन्ही देशांतल्या वादाचे मर्म येथे आहे. भूतदया कोणी करावी, यावर भांडण्यापेक्षा तिचा खर्च कोणावर पडतो, हे विचारायला हवे. कॅलिफोर्नियात पकडलेला कायोटी परवानगीशिवाय दुसरीकडे नेऊन सोडता येत नाही, कारण तसे केल्याने एकाची डोकेदुखी दुसऱ्याच्या अंगणात जाते आणि अनोळखी मुलखात सोडलेला प्राणीही सहसा टिकत नाही. हा धडा महाराष्ट्राने अमेरिकेकडून घेण्याची गरज नाही. तो आपल्या जुन्नरमध्येच शिकून झाला आहे. या शतकाच्या सुरुवातीला जुन्नर भागातल्या उसातून पकडलेले बिबटे लांबच्या जंगलांत सोडण्यात आले, आणि वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात असे दिसले की त्यानंतर माणसांवरील हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. त्यांच्याच अकोले तालुक्यातील कामातून हेही कळले की तेथील बिबट्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा आहे. पुण्यातला कुत्र्यांचा वाद आणि शिरूरचा बिबट्याचा वाद हे दोन वेगळे विषय असल्यासारखे आपण बोलतो, पण बिबट्याला तो फरक माहीत नाही. अशा वेळी बिबट्यांनी गावात येऊ नये म्हणून जंगलात शेळ्या सोडण्याची योजना राज्याच्या वनमंत्र्यांनी बोलून दाखवली, तेव्हा मला स्टॅनली पार्क आठवले, एवढेच म्हणतो.

आता आमच्या गटांतल्या त्या ठरलेल्या सुराकडे वळतो. अमेरिकेतील रस्ते मोकळे दिसतात, त्यामागे घरोघरची नोंदणी, सक्तीची रेबीज लस आणि नसबंदी आहे, हे खरे. पण निवारागृहांत दिले जाणारे मरणही आहे. एका मोठ्या प्राणिकल्याण संस्थेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये या देशातील निवारागृहांत सुमारे ९ लाख २० हजार कुत्री-मांजरे मारली गेली, आणि त्याआधीच्या दशकात हा आकडा कितीतरी मोठा होता. हा खर्च प्राण्यांनी बंद दाराआड उचलला, म्हणून तो आपल्याला दिसला नाही. ‘असा सुटतो प्रश्न’ असे लिहिणाऱ्याने ही ओळही लिहावी, आणि मग आपल्या आत्याला किंवा मामांना विचारावे की त्यांच्या गल्लीसाठी त्यांना हे चालेल का.

उलट बाजूही तितकीच स्पष्ट बोलायला हवी. अमेरिकेत रेबीजने वर्षाला मोजकीच माणसे दगावतात. भारतात अलीकडच्या एका देशव्यापी पाहणीचा अंदाज वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यूंचा आहे, आणि आधीचे अंदाज याच्या तिपटीहून अधिक होते. या मृत्यूंत दुसऱ्या मजल्यावरून बिस्किटे टाकणारे किती आणि पदपथावर झोपणारी, पहाटे दूध टाकायला निघणारी, शाळेत पायी जाणारी मुले किती, याचा अंदाज करायला पाहणीची गरज नाही. कायोटीच्या बाबतीत कायदा मला सांगतो की कुत्रा तुझा, तर लीश, कुंपण, लस आणि रात्रीची राखण तुझी. भारतात गल्लीतल्या कुत्र्याच्या बाबतीत प्रेम एकाचे, वाटी दुसऱ्याची, दार तिसऱ्याचे आणि इंजेक्शन चौथ्याचे, अशी विभागणी झाली आहे, आणि चौथा माणूस बहुधा न्यायालयात वकील देऊ शकत नाही.

येथून पुढे तुलना लंगडी पडते, हे मान्य करतो. आमच्या उपनगरात कचऱ्याच्या पेट्यांना घट्ट झाकण असते आणि ठरलेल्या दिवशी गाडी येते. मटणाच्या दुकानामागे उघडा ढीग असलेल्या गावात केवळ खाऊ घालण्यावर बंदी आणून फारसे साधणार नाही, कारण खरी पंगत तो ढीगच मांडतो. शिवाय गल्लीतला कुत्रा रानटी नाही. तो हजारो वर्षे माणसाच्या उंबऱ्यावर राहिला आहे, वॉचमनबरोबर रात्र जागतो, आणि त्याला हाकलण्यासाठी डबा खुळखुळवणे हास्यास्पद ठरेल. म्हणून नमुना शोधायचाच असेल, तर तो कॅलिफोर्नियापेक्षा गोव्यात जवळ सापडतो. तेथे पथके दारोदार आणि वाडोवाडी फिरून कुत्र्यांना लस टोचत राहिली, शाळांतून मुलांना चाव्यानंतर काय करायचे ते शिकवले गेले, आणि २०२१ मध्ये गोवा देशातील पहिले रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित झाले. कुत्री तेथेच आहेत, किनाऱ्यावर झोपलेलीही दिसतात.

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांसाठी तर नवा कायदाही लागत नाही. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतील विसाव्या नियमाने खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणांपासून, जिन्यांपासून आणि प्रवेशद्वारांपासून दूर ठरवण्याची व्यवस्था सोसायटीवर सोपवली आहे, वेळ ठरवायला सांगितले आहे, आणि कुत्री पकडणे, लस देणे, परत सोडणे यांत खाऊ घालणाऱ्यांना स्वेच्छेने मदत करण्याची मुभाही दिली आहे. माझा आक्षेप त्या ‘स्वेच्छेने’ला आहे. ज्याला वाटी ठेवायची आहे, त्याने सोसायटीच्या वहीत नाव नोंदवावे, आपण ज्या कुत्र्यांना खाऊ घालतो त्यांच्या नसबंदीची आणि दरवर्षीच्या लसीची तारीख त्याच वहीत लिहावी, आणि त्या कुत्र्यांपैकी एखादे कोणाला चावले तर दवाखान्याचे पहिले बिल त्याच्याकडे जावे. ही अट ज्यांना जाचक वाटेल, त्यांच्यापैकी काहीजण वाटी ठेवणे थांबवतील. जे थांबणार नाहीत, त्यांच्या गल्लीत राहायला मला आनंद वाटेल.