अतिशय आश्वासक

'सांगू नका, दाखवा' असं मी फळ्यावर लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि त्यावर पाऊण तास बोललो. दाखवण्याचं महत्त्व सांगितलं, सांगण्याचे तोटे सांगितले, थोर लेखक कसे दाखवतात तेही सांगितलं. पहिल्या रांगेतल्या एका मुलाने हात वर केला. "सर, दाखवणार कधी?"

सर्जनशील लेखनाच्या कार्यशाळेचा तो पहिला शनिवार. अजून सात उरले होते.

हे काम मी का घेतलं, तर त्या दिवसांत माझी स्वतःची कथा चौथ्या पानावर अडून बसली होती. रस्त्यात गाडी बंद पडलेल्या माणसाला कुणी "जरा ड्रायव्हिंग शिकवता का?" असं विचारलं, तर तो ज्या उत्साहाने बॉनेट आपटून खाली येईल, त्या उत्साहाने मी हो म्हणालो होतो.

लेखन मुळात शिकवता येतं का, हा प्रश्न दर शनिवारी कुणीतरी विचारायचंच, आणि तेही फी भरून झाल्यावर. प्रश्न जुना आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने 'कविकंठाभरण' लिहिलं. त्यात त्याने कवी होऊ पाहणाऱ्या शिष्यांचे तीन ढीग केले: थोडक्या प्रयत्नात जमणारे, कष्टाने जमणारे आणि असाध्य. असाध्य म्हणजे जो मुळातच दगड आहे, किंवा व्याकरणाने वाया गेला आहे, किंवा तर्काने होरपळला आहे. वर ठणकावून सांगितलंय, की शिकवलं म्हणून गाढव गात नाही. मान्य. पण गाढवाने आठ शनिवारांचे पैसे आगाऊ भरले असतील तर गुरूने काय करावं? शिवाय ती असाध्याची लक्षणं वाचताना मलाच घाम फुटला. दहा वर्षं मुद्रितं तपासून व्याकरणाने माझं जे व्हायचं ते झालेलं आहे, आणि तर्काबद्दल घरच्यांना विचारा.

याच ग्रंथात एक सराव दिलाय: अर्थाची काळजी न करता नुसते शब्द वृत्तात बसवत जा, हात बसतो. आमच्या वर्गातल्या चौघांचा हा सराव फार पुढे गेलेला होता. फक्त वृत्त तेवढं राहिलं होतं.

दुसऱ्या शनिवारी मी चेखवला बोलावलं. कुणी झाडणार नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये, असं त्याने १८८९ सालच्या एका पत्रात लिहिलंय. मुद्दा साधा आहे, गोष्टीत फुकटचं सामान आणू नका. वर्गाच्या कानात त्यातला एकच शब्द शिरला. पुढच्या शनिवारी सतरा कथांत नऊ बंदुका आल्या. एक हळुवार प्रेमकथेतल्या नायिकेच्या पर्समध्ये, एक आजीच्या ट्रंकेत गोधडीखाली. आणि नियम म्हणजे नियम, नऊच्या नऊ झाडल्या गेल्या. उरलेल्या आठांपैकी पाचांत शेवटी नायकाला जाग आली.

तेव्हा शेवटांवर बोलणं भाग होतं. मी हेमिंग्वेचा दाखला दिला. 'अ फेअरवेल टू आर्म्स'चं शेवटचं पान आपण ३९ वेळा लिहिलं, असं त्याने १९५८ साली छापून आलेल्या मुलाखतीत सांगितलं होतं. पुनर्लेखन म्हणजे तपश्चर्या वगैरे मी म्हणणार, तेवढ्यात पहिल्या रांगेतूनच आवाज आला, "म्हणजे अडतीस वेळा त्यांचंही चुकलं?" वर्गाला एवढा दिलासा माझ्या कुठल्याच वाक्याने मिळाला नव्हता.

त्याच रात्री साडेअकराला त्या मुलाने मला एका कथेचे नऊ शेवट पाठवले. सातांत नायक मरत होता, आठव्यात कुत्रा. नवव्यात दोघेही जगत होते आणि खाली टीप होती: 'सर, हा मला पटत नाही.' मी नऊही वाचले. खरं सांगायचं तर आठवा बरा होता, पण कथेत त्याआधी कुत्रा कुठेच नव्हता.

तपासायच्या वह्यांचं वेगळंच. दासबोधात समर्थांनी लेखनक्रियेवर अख्खा समास लिहिलाय. त्यात विशेषणं कमी करा वगैरे काही नाही. अक्षर घोटून सुंदर करा, ओळी सरळ ठेवा, आणि कागदाच्या भोवती जागा सोडून मधेच लिहा, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही. समर्थांनी अशी प्रेमाने राखून ठेवलेली ती जागा मी लाल शाईने भरत होतो. 'पसरट.' 'हे कशाला?' 'डोळे पुन्हा पाणावले (सहावी वेळ).' कडा झडल्या तर त्या वह्यांचं भलंच होईल.

या सगळ्याचा परिणाम घरी दिसायला लागला. 'थोडा उशीर होईल' एवढा निरोप टाईप करायला मला दहा मिनिटं लागू लागली. 'थोडा' हे विशेषण गरजेचं आहे का, उशीर सांगतोय की दाखवतोय? शेवटी निरोप न पाठवता उशिरा गेलो. दाखवला.

पाचव्या शनिवारचा सराव असा होता: राग लिहायचा, पण 'राग' हा शब्द न वापरता. 'संताप' आणि 'क्रोध' पळवाट म्हणून चालणार नाहीत, हेही बजावलं. वीस मिनिटांनी वाचन सुरू झालं. डोळ्यांत अंगार फुलला. मस्तकात लाव्हा उसळला. दात इतके खाल्ले गेले, की वर्गात एखादा दंतवैद्य असता तर त्याने तिथेच पाटी लावली असती.

शेवटच्या बाकावर एक निवृत्त काकू बसायच्या. चार शनिवार त्या "हं" यापलीकडे काही बोलल्या नव्हत्या. त्यांनी सहा ओळी वाचल्या. नवरा-बायको दोरीवरची वाळलेली चादर घडी करताहेत. दोघांनी दोन-दोन टोकं धरलीत, झटकताहेत, ताणताहेत, रोजच्यासारखं. मग घडी मिटायला दोघं एकमेकांकडे चालत येतात. ती त्याच्या हातातली टोकं काढून घेते, बोटाला बोट लागू न देता. चादर कपाटात जाते.

वर्ग गप्प झाला. पंख्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला. आता अशा वेळी शिक्षकाने काय करावं? गप्प बसावं. पण हातात लाल पेन असलं की माणसाला गप्प बसवत नाही. मी वही मागून घेतली आणि समासात लिहिलं, 'छान. तिच्या मनात काय चाललंय ते जरा स्पष्ट करता येईल?'

काकूंनी चष्मा वर करून ते वाचलं. "स्पष्ट करायचं तर 'राग' लिहावं लागेल," त्या म्हणाल्या, "आणि तो तुम्हीच बंद केलाय."

त्या रात्री मी माझ्या अडलेल्या कथेचं चौथं पान काढलं. त्यात नायकाच्या मनात काय चाललंय ते मी अकरा ओळींत स्पष्ट केलं होतं. इतकं स्पष्ट, की पुढे त्याला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. अकराही ओळी कापल्या. कथा पुढे सरकली म्हणावं तर तसंही नाही. आता ती तिसऱ्या पानावर अडली आहे.

आठव्या शनिवारी प्रमाणपत्रं होती. आयोजकांनी प्रत्येकावर 'मार्गदर्शकांचा अभिप्राय' अशी एक ओळ रिकामी सोडली होती. ती शुक्रवारी रात्रीपर्यंत भरून द्यायची होती. पहिलं प्रमाणपत्र घेऊन मी अर्धा तास बसलो. नेमकं लिहायचं, ठोकळेबाज लिहायचं नाही, विशेषण टाळायचं, आणि माणूस दुखवायचा नाही. बारा वाजले. मग मी एक दीर्घ श्वास घेतला आणि सतरा प्रमाणपत्रांवर एकच वाक्य लिहिलं: 'लेखन अतिशय आश्वासक.'

दुसऱ्या दिवशी टाळ्या झाल्या, फोटो झाले. नऊ शेवटवाला मुलगा, दहावा सुचलाय, असं सांगून गेला. काकूंनी आपलं प्रमाणपत्र वाचलं. शेजारणीचं वाचलं. मग वाकून पलीकडच्याचंही वाचलं. जाताना माझ्यापाशी थांबल्या आणि इतर कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "सर, 'अतिशय' काढलं असतं तरी चाललं असतं."