डॉल्बी बंद केला, मग ऐकायचं काय?

गणपती जवळ आले की सांगली-साताऱ्याकडच्या मेसेजांत दुसरा विषयच नसतो: डॉल्बी. (भिंतीएवढे स्पीकर रचले की आपल्याकडे तो डॉल्बी, त्या नावाच्या कंपनीचा त्याच्याशी काडीचा संबंध नसला तरी.) एक बाजू म्हणते, बंदी घाला, पारंपरिक वाद्यं वाजवा. दुसरी म्हणते, वर्षातून एकदा पोरांनी नाचायचंही नाही का? मग कुणीतरी आम्हा परदेशस्थांना मध्ये ओढतं: "तुमच्या जपानात बघा, कशी शांतता असते!"

शांततेसाठी जपानचा दाखला देऊ नका. निवडणूक लागली की इथे सकाळी 8 ते रात्री 8 कर्णे लावलेल्या गाड्या उमेदवाराचं नाव घोकत गल्लीबोळांतून फिरतात. पाचिंको नावाच्या खेळघराचं दार उघडलं की आतला खणखणाट रस्त्यावर येतो. जपानकडून घेण्यासारखं काही असेल तर ते एकत्र बसून ऐकणं.

डॉल्बीचा मुद्दा खरं तर फार वेळ घेणारा नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालीच झाले. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर बंद. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस 12 वाजेपर्यंत सवलत देऊ शकतं. कानाचा हिशोबही सरळ आहे: 85 डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. हा हिशोब शंभर ढोलांच्या पथकालाही तसाच लागू आहे. 'पारंपरिक' म्हटल्यानं कान सूट देत नाही. डॉल्बी नकोच, या बाजूचा मी आहे. पण आवाज किती यावरच आपलं सगळं भांडण संपतं. वर्षाचे उरलेले दिवस ऐकायचं काय आणि कुणाबरोबर, यावर कुणी चकार शब्द काढत नाही.

इथे रेकॉर्ड ऐकत बसायची कॉफीची दुकानं आहेत, त्यांतल्या जॅझवाल्यांना 'जॅझ किस्सा' म्हणतात. तोक्योच्या शिबुया भागातलं 'लायन' 1926 पासूनचं, तिथे पाश्चात्त्य अभिजात संगीत लागतं. योकोहामाचं 'चिगुसा' 1933चं, जॅझचं. त्या काळात परदेशी रेकॉर्ड एकट्याच्या खिशाला परवडत नसे. एका कॉफीच्या पैशात चांगल्या यंत्रावर ती ऐकायला मिळे. पद्धत साधी. मालक रेकॉर्डची एक बाजू पूर्ण लावतो, साधारण 20 मिनिटं. तिचं कव्हर सगळ्यांना दिसेल असं उभं ठेवतो. मध्येच गाणं बदलायचं नाही, गप्पा नाहीत, लायनमध्ये तर बोलायचंच नाही. फर्माईश करता येते, पण आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याची फर्माईश ऐकावी लागते. सगळा डाव याच अटीत आहे. अशी दुकानं आता कमी उरलीत आणि बऱ्याच ठिकाणी गिऱ्हाईकही पिकल्या केसांचं, हेही खरं.

सांगली जिल्ह्याला खरं तर हे कुणी शिकवायला नको. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, 1937 मध्ये गेल्यावर मिरजेच्या दर्ग्यातच विसावले, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ अजून गाणं होतं. नवरात्रात मिरजेच्याच अंबाबाईच्या देवळात होतं. तमाशाचे पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, अण्णाभाऊ साठे वाटेगावचे. आरेवाडीच्या बिरोबाला धनगरी ओव्या आणि ढोल-कैताळ. एवढं सगळं एका जिल्ह्यात आहे. पण अंबाबाईला बसणारा आरेवाडीला जात नाही, आरेवाडीचा अंबाबाईला येत नाही, आणि यात कुणाचं गाणं 'संगीत' आणि कुणाचं नुसती 'करमणूक' हे जातीनं कधीच ठरवून टाकलंय. डॉल्बीपुढे नाचणाऱ्या पोराला यातलं काही आवडत नाही असं नाही. त्याच्या हातात कुणी ते नीट दिलेलंच नाही.

नीट देणं म्हणजे काय? ख्याल न ऐकलेल्या माणसाला पन्नास मिनिटांचा बडा ख्याल पाठवू नये. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीची एक बाजू सव्वातीन-साडेतीन मिनिटांची. खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तेवढ्यात सगळं सांगून मोकळी होते. मात्र नेटवरच्या अशा कितीतरी प्रती चुकीच्या वेगानं उतरवलेल्या असतात. वेग सहा टक्के वाढला की सूर अख्खा अर्धा स्वर चढतो आणि आवाज चिरका होतो. म्हणून दोन-तीन प्रती ऐकून, श्वास आणि शब्द नैसर्गिक वाटतील ती निवडावी आणि नेमकी तीच पाठवावी. नुसतं नाव कळवलं की समोरचा पहिली दिसेल ती लावतो.

एका गाण्याशेजारी दुसरं कुठलं ठेवायचं, यालाही महत्त्व आहे. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा घासून कारागीर जवारी काढतो, मग तारेखाली दोरा सरकवून ती खुलवतात आणि तार झणझणत राहते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच हातांसाठी. शामिसेन या जपानी तंतुवाद्याची सर्वांत जाड तार वरच्या टोकाला लाकडाला मुद्दाम जराशी घासती ठेवतात, तीही तशीच झणझणते. दोन्ही लागोपाठ ऐकवा, समजावून सांगायची गरज उरत नाही. पोवाड्याला जोड रोक्योकुची: एक माणूस शामिसेनच्या साथीनं कथा गातो, मध्येच बोलतो, पुन्हा गातो. ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं) लावताना टाळ्या धरायला सांगा: चार मात्रांचे बारा गट, मग पुन्हा पहिल्यापासून. सम ओळखणाऱ्या माणसाला तिसऱ्या फेरीत ते आवर्तन सापडतं.

अशी एकत्र ऐकायची बैठक भरवा: सहा माणसं, प्रत्येकी दोन गाणी, एकही सात मिनिटांवर नाही, दीड तासात उरकते. वाजण्याआधी फक्त नाव, कलाकार, साल. "हे ऐकच, रडशील" असलं काही नाही, ते गाण्याचा खून करतं. फोनचा स्पीकर नको. 300 हर्ट्झच्या खालचं त्यातून फारसं बाहेर पडत नाही, आणि पुरुषाचा सा पेटीवरची काळी एक धरला तर तंबोऱ्याची खर्जाची तार 69 हर्ट्झच्या आसपास असते. म्हणजे तंबोऱ्याचा वरचा झणकार येतो, अंग गायब. सगळी गाणी आधी उतरवून घ्या, नाहीतर भैरवीनंतर साबणाची जाहिरात येते. आणि आवाजाचं बटण हाताशी ठेवा. यूट्यूब मोठ्या आवाजाचं गाणं खाली आणतं, पण हळू असलेलं सहसा वर चढवत नाही. नव्या सिनेगीतानंतर जुनी तबकडी त्यामुळेच मेल्यासारखी वाटते. दोष गायकाचा नसतो.

गावाकडून हलगी रेकॉर्ड करून पाठवणाऱ्यांना एक विनंती. फोन अगदी जवळ धरला की पहिल्याच घावाला आवाज फाटतो, मग फोन स्वतःहून सगळं खाली ओढतो आणि हलगीचा ठेका खरा घुमतो तेव्हा काहीच ऐकू येत नाही. पाच-सहा मीटरवर, जरा बाजूला उभं राहा. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हॉइस नोट करून नको.

परदेशस्थांनाही सोडायला नको. आमच्या मंडळांच्या गणपतीत गाणी थांबलेली असतात, ज्यानं ज्या वर्षी देश सोडला त्या वर्षावर. भावगीतं, नाट्यगीतं, शेवटी एक लावणी, तीही 'घरंदाज'. शेजारच्या जपानी माणसाला बोलावून आपण त्याला जेवण देतो, गाणं मात्र देत नाही आणि त्याचं मागतही नाही.

तोक्यो-सांगली बैठक झूमवर सहज होते. तोक्यो साडेतीन तास पुढे, म्हणजे इथले रात्रीचे साडेनऊ तिथले संध्याकाळचे सहा. रेकॉर्ड लावायची असेल तर स्क्रीन शेअर करताना 'शेअर साउंड'वर खूण करा, माइकसमोर स्पीकर धरू नका. मिरजेतून कुणी प्रत्यक्ष तंबोरा छेडणार असेल तर ऑडिओच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' चालू करा, आणि बैठक सुरू झाल्यावर वरच्या कोपऱ्यातलं त्याचं बटणही दाबा. ते राहिलं तर एकसारखा वाजणारा तंबोरा झूमला पंख्याची घरघर वाटते आणि तो पुसला जातो. प्रतिध्वनी काढण्याची सोय बंद केलीत तर दोन्हीकडे हेडफोन लावावे लागतील.