ग्रेगोर कामचुकार नव्हता, तो मेसेज पुढे पाठवू नका

मंडळी, आपल्या नाशिकच्या वाचक ग्रुपांवर झुरळाच्या फोटोसकट एक मेसेज फिरतोय की जर्मन भाषेत लिहिणाऱ्या काफ्काच्या ‘मेटामॉर्फोसिस’ या कथेतला ग्रेगोर कामचुकार होता म्हणून त्याला झुरळ व्हायची शिक्षा मिळाली. हे चूक आहे. परवा मीही न तपासता पुढे पाठवला, त्याबद्दल सॉरी. काल रात्री बसून कथा परत वाचली. ग्रेगोर फिरता विक्रेता, ५ वर्षांत एकदाही आजारी पडलेला नाही, वडिलांचं कर्ज तोच फेडतोय, आणि अंगाचा किडा झालाय तरी डोक्यात काय तर पहाटे ५ ची गाडी चुकली, आता साहेब काय म्हणतील! सातपूरच्या कारखान्यांत शिफ्टला पळणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पगार थांबला की घरच्यांची नजर कशी बदलत जाते ते वाचताना पोटात कालवतं, बापाने फेकून मारलेलं सफरचंद पाठीत रुततं, तिथेच सडतं, कुणी काढत नाही, खरी टीका तिथे आहे.

आणि झुरळाचं म्हणाल तर कथेत ग्रेगोर जे होतो त्याला मूळ जर्मन शब्द ‘उंगेत्सीफर’, म्हणजे नुसताच किळसवाणा उपद्रवी जीव, झुरळच असं नाही. १९१५ मध्ये मुखपृष्ठावर किडा काढूच नका असं काफ्काने प्रकाशकाला पत्राने कळवलं होतं. तेव्हा प्लीज तो फोटोवाला मेसेज डिलीट करा, ज्यांना पाठवलात त्यांनाही सांगा.