रंग दोनच दिवसांचा

आमच्या लातूरकडे घटस्थापनेच्या आधी ‘दसरा काढतात’. म्हणजे घरातल्या गोधड्या, डबे, पितळेची भांडी सगळं अंगणात आणून धुवायचं आणि धुऊन झालं की शेजारणीला “तुमचा निघाला का दसरा?” असं विचारून तिचा जीव टांगणीला लावायचा. यंदा बायकोनं त्यातच रंगाचंही काढलं. “दोन दिवसांचं तर काम आहे.” दोन दिवस हे खरंच आहे. त्याच्या आधीचे एकोणीस दिवस तेवढे कुणी धरले नव्हते.

पेंटर मामू पहिल्या दिवशी हात हलवत आले. बोट वाकवून भिंतीवर टकटक करत फिरले, डॉक्टर पाठीवर करतात तसं. खिडकीखाली आवाज बद्द आला. “सर, हितं प्लास्टर सुटलंय. आतून पोकळ हाय.” मग भिंतीवरून तळहात फिरवून तो मला दाखवला. पांढराफेक. “खाली चुना हाय. ह्याच्यावरच लांबी, म्हंजी पुट्टी, वढली तर वर्षाच्या आत पापडावानी निघती बगा.”

“मग किती खरडायचं?”

“समदं.”

खरडताना बटणांच्या बोर्डाशेजारची तळहाताएवढी खपली माझ्या हातात आली. तिची कड बघितली तर चिरोट्यासारखे पदर. वर भावाच्या लग्नातला पिस्ता डिस्टेंपर, त्याखाली दुकानदारानं स्वस्तात गळ्यात मारलेला गुलाबी, आणि तळाशी नीळ घातलेल्या चुन्याचे किती थर, ते मोजता येईनात. आजीच्या माळवदाच्या घरात हे काही नव्हतं. पांढरी माती भिजवायची, फडक्यानं भिंत पोतारायची, दुपारी भाकरी खाऊन मोकळं. प्रायमर मारला का, असं आजीला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं पोतारा फेकून मारला असता.

सगळं सामान मधल्या खोलीत रचलं आणि आम्ही पाचजण स्वयंपाकघरात, पाय ओट्याखाली घालून झोपू लागलो. मामूंनी लांबीचे दोन हात ओढले आणि घासायला काढली. ती धूळ काय वर्णावी! चहात लांबी, कानात लांबी, ज्वारीच्या पिठाच्या डब्यातही लांबी. त्या आठवड्यात भाकरी मात्र कधी नव्हे एवढ्या गुळगुळीत झाल्या.

खरं रामायण पाण्याचं. लांबीची 40 किलोची पिशवी 14-15 लिटर पाणी पिते. एकदम कालवून ठेवता येत नाही, दोन-तीन तासांत घट्ट होते. शिवाय लावायच्या आधी भिंत ओली करावी लागते, नाहीतर कोरडी भिंत लांबीतलं पाणी ओढून घेते आणि वरची लांबी भुसभुशीत राहते. हे शास्त्र आईला पटेना. आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो, आणि 2016 साली मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी आम्ही प्यायलोय. मामू हंड्यातलं पाणी भिंतीवर शिंपडायला लागले तशी आई दारात येऊन उभी राहिली. “अरे, तुळशीला मी फुलपात्रानं घालते रे!”

मग बैठकीतली भेग आली. छतापासून खिडकीपर्यंत, वाकडीतिकडी. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. भूकंपात किल्लारीकडं गावंच्या गावं गेली, आमच्या वाट्याला एवढी भेग आली. त्या पहाटेवर आमच्या घरात कुणी विनोद करत नाही, मीही करणार नाही. अण्णा आल्या-गेल्याला ती भेग दाखवतात, अंगणात काढलेल्या रात्री सांगतात, मग चहा येतो.

मामूंनी पातं घेतलं आणि ती भेग बुजवायची सोडून आणखी रुंद केली. अण्णा खुर्चीतून उठलेच. “अरे, बुजवायला बोलावलं का वाढवायला?”

“अण्णा, तोंड मोठं केल्याबिगर माल आत जात न्हाई. वरवर लिंपलं की उन्हाळ्यात पुन्हा उघडती. खाली काळी माती, ती हालतीच.”

आत माल भरला, वर जाळीची पट्टी बसवली, दोन दिवस वाळू दिलं. पुढं प्रायमर, मग रंगाचे दोन हात. शेड कार्डावरचा बोटभर फिका पिवळा अख्ख्या भिंतीवर चांगलाच हळदीचा निघाला, पण तोवर भांडायचं त्राण कुणातच नव्हतं.

आता भेग कुठं होती ते सांगूनही कळत नाही. अण्णांना मात्र कळतं. पाहुणे आले की ते भिंतीशी जातात, नेमक्या जागी बोट टेकवतात, “ही बघा, हितून निघाली होती,” म्हणत छतापासून खिडकीपर्यंत ते फिरवत आणतात. दोन महिन्यांत तिथं वाकडीतिकडी काळपट रेघ उमटलीय. मामूंनी टचअपला म्हणून ठेवलेला अर्ध्या लिटरचा डबा बायको चार दिवसांपासून शोधतेय. तो माझ्या स्कूटरच्या डिक्कीत आहे.