डॉक्टरचा दाखला म्हणजे सुटकेचा हुकूम नव्हे

‘जुगार हा आजार आहे, आजाऱ्याला जेल होत नाही! वकील हे सांगणार नाहीत, पुढे पाठवा.’ असा पाच मुद्द्यांचा मेसेज सध्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. एरवी मी असल्या गोष्टींच्या नादी लागत नाही. पण तो भांडुपच्या मामींपर्यंत पोचला. त्यांचा मुलगा एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट, म्हणजे दुकानोदुकानी फिरून रोजची बचत गोळा करणारा. तो सट्ट्याच्या अॅपवर हरत गेला आणि लोकांचे पैसे तिकडे घालून बसला. मामी मला फोनवर विचारतात, “अरे, दाखला कुठल्या डॉक्टरचा चालतो?” तेव्हा आता लिहिणं भाग आहे.

सगळ्यात अचाट मुद्दा आधी घेतो. ‘अमेरिकेत बेसबॉलपटूच्या दुभाष्याने करोडो चोरले, कोर्टाने व्यसनी म्हणून सोडलं.’ धादांत खोटं. शोहेई ओहतानीचा दुभाषी इप्पेई मिझुहारा याने मालकाच्या खात्यातून सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर काढले. बँकेला फोन लावून आपणच ओहतानी असल्याचं भासवायचा. गुन्हा त्याने कबूल केला, व्यसनाची करुण कहाणी कोर्टापुढे मांडली आणि १८ महिन्यांची शिक्षा मागितली. सरकारी पक्षाने ५७ महिने मागितले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायाधीशांनी दिले किती? पूर्ण ५७. वर चोरलेली रक्कम भरून द्यायचा आदेश. तिथल्या केंद्रीय न्यायालयांसाठी शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं असतात, आणि त्यांत त्या वेळी स्वच्छ लिहिलं होतं की जुगाराचं व्यसन हे ठरलेल्या चौकटीच्या खाली शिक्षा उतरवण्याचं कारण होऊ शकत नाही. म्हणजे मेसेजने उदाहरण म्हणून नेमकी तीच केस उचलली, जी त्याच्या तोंडावर आपटते. बरं, या गृहस्थाने जिंकलेले पैसे स्वतःच्या खात्यात वळवले, हरल्याची उधारी मात्र ओहतानीच्या खात्यातून चुकती केली. शिवाय मालकाच्याच पैशांतून सव्वातीन लाख डॉलरची बेसबॉल कार्डं विकत घेतली. हे कुठलं व्यसन?

आता दाखल्याचं. जुगाराचं व्यसन हा आजार आहे, एवढं खरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत त्याची स्वतंत्र नोंद आहे. पण त्यावरून माणूस निर्दोष सुटतो हे कुणी सांगितलं? भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुन्या दंडविधानातलं ८४, एवढंच म्हणतं की मनोविकलतेमुळे आपण काय करतोय, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे त्या वेळी कळण्याची क्षमताच नसेल तर तो गुन्हा नाही. आणि पिग्मीतली अफरातफर कशी चालते? वडापाववाल्याकडून दोनशे घ्यायचे, ‘मशीनचं चार्जिंग उतरलंय’ म्हणत कार्डावर पेनाने आकडा लिहून द्यायचा आणि मशीनवर काहीच चढवायचं नाही. त्याने पासबुक मागितलं की ‘ऑफिसात नोंदीला दिलंय’. ज्याला रोज नवीन थाप सुचते, त्याला आपण काय करतोय ते कळत नव्हतं, हे न्यायाधीशांच्या गळी कसं उतरवणार?

‘पैसे भरले की केस बंद’ हा मुद्दा सगळ्यात घातक, कारण यापायी लोक घरातलं सोनं गहाण टाकतात. अपहाराच्या कलमाचं पहिलंच स्पष्टीकरण वाचा. तात्पुरता केलेला अपहारही अपहारच. ‘पगार झाल्यावर परत ठेवणार होतो’ हा बचाव तिथेच संपतो. बँकर, व्यापारी किंवा एजंट या नात्याने केलेला विश्वासघात त्याच संहितेच्या कलम ३१६ च्या पाचव्या पोटकलमात बसला, तर शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत आणि तडजोडीने मिटवण्याची सोय नाही. उच्च न्यायालयात जाऊन एफआयआर रद्द करून घेण्याचा प्रयत्न करता येतो, पण ती मेहेरनजर आहे, हक्क नाही. पैसे जरूर भरावेत. वडापाववाल्याचे आहेत ते. पण वकिलाला विचारून, रीतसर पावती घेऊन. कुणाच्या हातात रोकड कोंबून नव्हे.

‘मोठे सुटतात, लहान अडकतात.’ इथे मला नाइलाजाने अर्धी मान डोलवावी लागते. आपल्याकडे अमेरिकेसारखी शिक्षेची चौकट नाही. खुद्द सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली प्रेम सागर खटल्यात म्हटलंय की शिक्षा ठरवण्याची तत्त्वं आपल्या न्यायव्यवस्थेला विकसित करता आलेली नाहीत. नोकराने मालकाचे पैसे खाल्ले तर कमाल सात वर्षं. तिथे १९५८ च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येतं. तेवढीच रक्कम एजंट म्हणून खाल्ली आणि पाचवं पोटकलम लागलं, तर कमाल शिक्षा जन्मठेप असल्यामुळे त्या कायद्याचं ते दार बंद. पुढे कैद दोन वर्षं की सात, हे बरंचसं त्या न्यायाधीशांवर. हा अन्याय आहे असं माझंही मत आहे. आणि आजाराची जागा इथेच आहे. दोषी ठरल्यावर शिक्षेबद्दल आरोपीचं म्हणणं ऐकलं जातं. तिथे महिनोन्‌महिने घेतलेल्या उपचारांचे केसपेपर बोलतात, निकालाच्या आदल्या दिवशी आणलेला दाखला नाही. केईएमच्या मानसोपचार ओपीडीत किंवा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर आज सुरुवात करता येते. आधी बरं होण्यासाठी, कोर्टासाठी नंतर.

‘गेम खेळणाऱ्यालाही आता जेल.’ नाही. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात शिक्षा आहे ती पैशांचे खेळ चालवणाऱ्यांना, त्यांची जाहिरात करणाऱ्यांना आणि पैशांचे व्यवहार पुरवणाऱ्यांना.

शेवटचा मुद्दा, ‘जुगारासाठी काढलेलं कर्ज फेडावं लागत नाही.’ पैजेचा करार कायद्याने निरर्थक असतो, आणि मुंबईत तर १८६५ च्या जुन्या कायद्यामुळे, पैजेसाठीच आहे हे माहीत असून दिलेली उसनवारीही कोर्टातून वसूल होत नाही. पण मुलाने चार लोन अॅपांवर ‘वैयक्तिक खर्च’ असं लिहून पैसे उचललेत. ते फेडावेच लागतील. वसुलीवाले रात्री-अपरात्री धमक्या देत असतील, तर त्याची तक्रार वेगळी करता येते, मामी.